कैलासवासी चालू झाले का?

छोट्या शाळेत संगणकप्रमुखाची नेमणूक जाहिरात देऊन होत नाही. ती अपघाताने होते आणि निवृत्तीपर्यंत टिकते. शिक्षकखोलीतल्या प्रिंटरमध्ये कधीतरी कागद अडकतो. चार जण तो ओढतात आणि चौघांच्या हातात चार तुकडे येतात. पाचवा माणूस मागचं झाकण उघडून उरलेला कागद अलगद बाहेर काढतो. खोली गप्प होते, मोठ्या बाई चष्म्यावरून बघतात आणि त्या पाचव्या माणसाच्या नशिबी काय वाढून ठेवलंय ते त्याच्याखेरीज सगळ्यांना कळतं. परळच्या आमच्या शाळेत तो पाचवा माणूस मी. बी.एड.ला माझी मेथड इतिहास होती, पण आता हे माझ्या सेवापुस्तकाखेरीज कोणाला ठाऊक नाही.

एमएस-सीआयटी तशी सगळ्यांचीच झालेली आहे. एमकेसीएलनं २००१ साली हा अभ्यासक्रम काढला आणि पुढे सरकारी नोकरीत तो उत्तीर्ण होणं सक्तीचं झालं, तेव्हा महाराष्ट्रभरचे गुरुजन शाळा सुटल्यावर डबा आणि वही घेऊन पुन्हा बाकावर जाऊन बसले. आमच्या गणिताच्या बाईंना त्यात माझ्याहून जास्त गुण आहेत. पण त्या परीक्षेत छपाईची आज्ञा कुठून द्यायची ते विचारतात. प्रिंटरनं ती पाळली नाही तर काय करायचं, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

भारतात बांधलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक याच मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० साली सुरू झाला. त्याचं नाव टिफ्रॅक. त्याला मोठी खोली लागायची, थंड हवा लागायची आणि दिमतीला अभियंत्यांचा ताफा. आमच्याकडच्या सगळ्यात मरतुकड्या संगणकाची स्मृती त्याच्या हजारो पट आहे. त्यालाही खोली दिली आहे. ताफ्याच्या जागी मात्र एक इतिहासाचा मास्तर आणि एक शिपाईमामा.

ही खोली पूर्वी शिवणवर्गाची होती. संगणक येणार म्हटल्यावर शिवणयंत्रं जिन्याखाली गेली आणि दाराबाहेर पाटी लागली : 'पादत्राणे बाहेर काढावीत.' शाळेत असा मान याआधी फक्त सरस्वतीच्या तसबिरीला होता. शिवणाच्या बाईंना खोली गेल्याचं दुःख होतंच, ते त्यांनी प्रत्येक मॉनिटरला आणि प्रत्येक सीपीयूला झालरीचं कापडी आवरण शिवून व्यक्त केलं. आवरण इतकं घट्ट बेतलं होतं की ते घालूनच संगणक चालवायची प्रथा पडली. मागचा पंखा झालर आत ओढून घ्यायचा, घर्र आवाज करायचा आणि मग पेटी तापून आपोआप बंद पडायची. बाईंचं मन न दुखवता मागच्या बाजूला काजं करून घ्यावी लागली. आता आमच्या सीपीयूंना काजं आहेत. बटणंही आहेत, थंडीत लावायला.

खंडेनवमीला सगळ्या संगणकांची पूजा होते. हे गिरणगाव आहे. इथे दसऱ्याला साचे आणि चात्या धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून पुजल्या जात. गिरण्या गेल्या, पण यंत्राला वर्षातून एकदा हात जोडायचे ही रीत कुठे गेलेली नाही. माझी हरकत फक्त हळदकुंकवाला आणि अक्षतांना आहे. मामा ते सगळं मोकळ्या हाताने वाहतात आणि पुढे दिवाळीपर्यंत कीबोर्डातून अक्षता निघत राहतात. एक दाणा स्पेसबारखाली बसला होता, त्या वर्षी चाचणीच्या प्रश्नपत्रिकेत दोन शब्दांमध्ये जागा पडत नव्हती. मुलांनी पेपर तसाच सोडवला. उत्तरंही त्यांनी त्याच पद्धतीने लिहिली.

चपलांच्या पाटीची खरी गंमत पुढेच आहे. आमची इमारत जुनी आणि तिचं वायरिंग तिच्याहून थोडंसंच तरुण. भिंतीतल्या सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्याच्या मागे काहीच नव्हतं. संगणकाच्या पेटीत वीजपुरवठ्याचा जो डबा असतो, ज्याला एसएमपीएस म्हणतात, त्यात विजेतला गोंगाट जमिनीत सोडून देण्यासाठी बारीकसे कपॅसिटर बसवलेले असतात. जमिनीकडे जाणारी वाटच नसली तर ती वीज पेटीच्या पत्र्यावर येऊन थांबते. व्होल्ट शंभराच्या पुढे, पण प्रवाह इतका किरकोळ की सहसा नुसत्या झिणझिण्या येतात. त्या पायात रबरी चप्पल असेल तर येत नाहीत. अनवाणी असलं की हमखास येतात. म्हणजे पाटीचा मान राखून आत आलेल्या प्रत्येकाला संगणक स्वतःच्या हाताने प्रसाद देत असे.

मामांनी खुर्च्यांखाली गोणपाटं अंथरली. पावसाळ्यात ती ओली झाली आणि झिणझिण्या वाढल्या. मग हळदीकुंकवाचे लाकडी पाट आले. बरीच वर्षं आमची मुलं पाटावर पाय ठेवून संगणक शिकली आणि नव्या मुलांना वाटायचं, हीच पद्धत असावी. शेवटी अर्थिंगचा खड्डा घ्यायचं ठरलं. जुन्या पद्धतीच्या अर्थिंगमध्ये धातूची पट्टी पुरून तिच्याभोवती मीठ आणि कोळशाचे थर देतात, ओल धरून राहावी म्हणून. इलेक्ट्रिशियननं बिलात प्रामाणिकपणे लिहिलं : मीठ इतके किलो, कोळसा इतके किलो. त्या वर्षीच्या लेखापरीक्षणात शेरा आला, 'शालेय पोषण आहाराचा खर्च संगणक शीर्षाखाली का दाखवला आहे, याचा खुलासा करावा.' खुलासा केला. त्यावर दुसरा शेरा आला, 'कोळसा जमिनीत पुरण्याचे प्रयोजन स्पष्ट होत नाही.' चप्पल बाहेर काढायची पाटी अजून आहेच.

आता संगणकांच्या नावांकडे येतो. आपल्या शाळांत पंख्याच्या पात्यांवर दात्याचं नाव रंगवायची जुनी चाल आहे. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, म्हणून तो बंद असतानाच दात्याला शाळा दाखवायला न्यावं लागतं. संगणक फिरत नाही, त्यामुळे त्याच्यावरचं नाव मोठं असतं. काही वेळा स्क्रीनहून मोठं. आमच्याकडे एक संगणक आमदारनिधीतून आला, एक सहकारी बँकेकडून, एक शेजारच्या गणेशोत्सव मंडळाकडून, एक माजी विद्यार्थी संघाकडून, आणि एका सद्गृहस्थांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला आहे. त्याच्या माथ्यावर पितळी पट्टी आहे, तिच्यावर 'कै.'पासून पुढे सगळं नाव. यंत्राला क्रमांक द्यायचं कोणाला सुचलं नाही. सगळे दात्यावरूनच ओळखतात.

त्यामुळे आमच्या शिक्षकखोलीत असले संवाद चालतात :

"सर, बँक आज उघडत नाहीये."

"मंडळातून जळका वास येतोय, बंद करू का?"

"माजी विद्यार्थी फारच मंद झालेत हो. काहीतरी काढून टाका त्यांच्यातलं."

"कैलासवासी चालू झाले का?"

"झाले होते. पुन्हा गेले."

शाळा तपासणीला एक साहेब आले होते. मोठ्या बाईंच्या खोलीत चहा घेत असताना दारातून मी मामांना विचारलं, "आमदारनिधी कुठे गेला?" मामा म्हणाले, "मी खाली नेलाय, जरा साफ करतोय." साहेबांचा कप तोंडापाशी थांबला. बाईंनी खुलासा करण्यापूर्वी मामांनी पुढची माहितीही दिली : "आतून सगळा खाल्लेला आहे, सर. उंदरांनी." साहेबांनी त्या दिवशी आमचे हिशेब जितके बारकाईने पाहिले, तितके आधी कोणी पाहिले नव्हते.

दानातले संगणक येतात कुठून, हेही परळमध्ये राहणाऱ्यानं बघण्याजोगं आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर एकेक भोंगा थांबला आणि यथावकाश गिरण्यांच्या आवारांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्या जागी आमच्या मुलांचे आजोबा साचाखात्यात दिवसभर उभे असत, त्या जागी आता लोक दिवसभर बसलेले असतात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. मार्च जवळ आला की त्या काचेच्या इमारतींना समोरची कौलारू शाळा दिसू लागते.

शनिवारी सकाळी एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली तीसेक तरुण मंडळी येतात. फार गोड असतात, भिंती रंगवतात, मुलांना चॉकलेटं देतात. मग फोटो. फोटोत मोठ्या बाई, एक साहेब आणि त्या दोघांच्या मध्ये दहा संगणकांची भिंत. मंडळी गेल्यावर आम्ही पेट्या उघडतो आणि कळतं की हार्ड डिस्क एकातही नाही. कंपनीची गुपितं त्यात असतात, म्हणून त्या आधीच काढून घेतलेल्या असतात. हे बरोबरच आहे, मीही काढल्या असत्या. पण हार्ड डिस्कशिवाय संगणक म्हणजे मजकूर खरवडून काढलेली पाटी नव्हे. ती पाटीची नुसती चौकट असते. नव्या हार्ड डिस्कचे पैसे वेतनेतर अनुदानातून, आणि ते अनुदान कधी येतं हा पुन्हा माझ्या मूळ विषयाचा, म्हणजे इतिहासाचा भाग.

ई-कचऱ्याचे नियम देशात २०१२ पासून लागू आहेत. मोठ्या कचेरीला जुना संगणक भंगारवाल्याकडे टाकता येत नाही, अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यावा लागतो. शाळेला दिला तर मात्र तो कचरा राहत नाही, देणगी होतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा कंपनीकडचा नेहमीचा पाठिंबा संपला आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांवर बसेना, तेव्हापासून परळ-लोअर परळच्या दातृत्वाला बहर आलेला आहे. आम्ही आता हसून नाही म्हणायला शिकतोय. 'हार्ड डिस्कसहित असतील तरच' असं पत्रात लिहावं, असा माझा प्रस्ताव आहे. मोठ्या बाई म्हणतात, आपल्याकडे दिल्या गाईचे दात मोजत नाहीत. दात नसले तरी चालेल, बाई, पण गाईला पोट तरी हवं!

दुरुस्तीचं शास्त्र मी पुस्तकातून शिकलो नाही. आमचा एक माजी विद्यार्थी लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानात असतो. फोन केला की दोन दिवसांनी येतो, पैसे घेत नाही, आणि मोठ्या बाई समोरून आल्या की अजून शर्ट खोचतो. त्यानं मला पहिला धडा दिला तो खोडरबराचा. संगणक चालू होतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी आणि आतून पीप पीप पीप, असं झालं की पेटी उघडायची, रॅमची पट्टी खाचेतून काढायची आणि तिच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवरून पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं. मुंबईच्या दमट हवेत त्या पट्ट्यांवर अदृश्य मळ बसतो आणि खाचेशी त्यांचा संपर्क तुटतो. खोडरबरानं तो निघतो. बाहेर याचे पाचशे रुपये घेतात. शाळेत साधन फुकट : 'कोणाकडे रबर आहे?' असं पाचवीच्या वर्गात विचारलं की तीस हात वर होतात. मात्र फुलाफळांच्या वासाचं रबर घ्यायचं नाही. ते तेलकट असतं. त्याचा प्रयोग एकदा बँकेवर झाला आणि ती आठवडाभर स्ट्रॉबेरीचा वास मारत बंद होती.

दुसरा धडा घड्याळाचा. एका सकाळी शाळाभर बोंब झाली की नेट गेलं. नेट होतं. कोणतीही सरकारी वेबसाइट उघडायला गेलं की 'हे संकेतस्थळ सुरक्षित नाही' असा इशारा यायचा. भाऊसाहेब, म्हणजे आमचे लेखनिक, लगेच म्हणाले, हॅकिंग आहे. मोठ्या बाईंनी पोलीस ठाण्यात कळवायचं का असं विचारलं. मी कोपऱ्यातली तारीख पाहिली. १ जानेवारी २००९. मदरबोर्डवर एक नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज नसताना तारीख-वेळ सांभाळणं हे त्याचं काम. तो संपला की संगणक दररोज सकाळी स्वतःच्या जन्मसालात जागा होतो. आणि वेबसाइटच्या सुरक्षिततेच्या प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून वैध' असं लिहिलेलं असतं, ते त्याला भविष्यातलं वाटतं, म्हणून तो ते मानत नाही. त्याच्या बाजूनं विचार केला तर त्याचं बरोबर आहे. नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडे तो सेल मिळाला. बसवल्यावर कैलासवासी क्षणात वर्तमानकाळात आले. भाऊसाहेबांना अजून वाटतं की हॅकिंगच होतं आणि मी ते दाबलं.

इथवरची दुखणी यंत्राची. ती तुलनेने सोपी, कारण यंत्राला खोडरबर लावता येतं. पोर्टलांना लावता येत नाही.

संगणक शाळेत आला तो मुलांना शिकवायला. असं निदान कोनशिलेवर आहे. २०१२-१३ पासून यू-डायस आलं, २०१५ मध्ये राज्याची सरल प्रणाली आली, पुढे यू-डायस प्लस आलं आणि संगणकाची बदली वर्गातून कचेरीत झाली. शाळेत नळ किती, रॅम्प आहे का, मुलींची स्वच्छतागृहं किती, चालू संगणक किती, प्रत्येक मुलाचं नाव, आईचं नाव, आधार क्रमांक. माहिती मागणं चूक नाही. माहिती नसल्यामुळे या देशात काय काय झालंय ते इतिहासाच्या शिक्षकानं सांगायची गरज नाही. पण जी माहिती पोर्टलवर भरायची, तीच छापून, सही-शिक्क्यानिशी दोन प्रतींत कचेरीत द्यायची, आणि तीच संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर पाठवायची. कागद वाचवण्यासाठी यंत्र घेतलं आणि यंत्रासाठी कागदाचं रिम महिन्याला एकाचं दोन झालं.

त्यात मुलाचं आधारवरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरवरचं नाव जुळावं लागतं. वैध आधार असलेली मुलं मोजून संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, ते ठरू लागलं, तेव्हापासून या खात्यात विनोद उरला नाही. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग डी-पासून सुरू होतं की जी-पासून, यावर शाळेतला एक शिक्षक राहतो किंवा अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातो. पट आधीच घसरलेला. चाळी पाडून टॉवर झाले, मुलं बदलापूर-विरारला गेली. आमच्या चित्रकलेच्या सरांचं भवितव्य एका वर्षी दोन जुळ्या बहिणींच्या आडनावातल्या एका अक्षरावर टांगलेलं होतं. सर स्वतः त्या मुलींना घेऊन आधार केंद्राच्या रांगेत उभे राहिले. अक्षर दुरुस्त झालं आणि सर राहिले. तेव्हापासून ते त्या मुलींच्या चित्रांना फार सांभाळून गुण देतात.

पण पोर्टलांची खरी किल्ली पासवर्डात नाही. पासवर्ड आमच्याकडे कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलेले असतात, आणि १ जानेवारीला मामा जुनं कालनिर्णय रद्दीत टाकतात, एवढी एकच अडचण. ती सुटते, कारण सातवी ब मधल्या सगळ्यांना ते पाठ आहेत. खरी किल्ली म्हणजे ओटीपी, आणि आमच्या एका पोर्टलचा ओटीपी जातो देवगडला.

कारण नोंदणी झाली तेव्हा जे मुख्याध्यापक होते, त्यांचा मोबाइल क्रमांक दिला गेला. ते निवृत्त होऊन गावी गेले. घरात रेंज नाही. ती मिळते सड्यावर, काजूच्या एका विशिष्ट झाडापाशी. म्हणून आधी त्यांच्या शेजाऱ्यांच्या घरच्या फोनवर निरोप द्यायचा, सरांनी सड्यावर चढायचं, पोचल्यावर मिस्ड कॉल द्यायचा, मग आम्ही इकडे बटण दाबायचं. ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटं.

"नमस्कार, सर. आला का?"

"येईल. पाऊस काय म्हणतोय तिकडे?"

"हिंदमाताला पाणी भरलंय, सर."

"अजून भरतं? मी नोकरीला लागलो तेव्हा भरायचं. आता जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या म्हणे ना?"

"हो सर, तुमच्या मोबाइलवर एक मेसेज—"

"आलाय. थांब. गो, माझो चष्मो खंय आसा?" वहिनीही सड्यावर आलेल्या असतात. त्या एकट्याला जाऊ देत नाहीत. "हं. वाचतो. 'आपला एकवेळचा संकेतांक...' अरे, इथे लिहिलंय, हा कोणालाही सांगू नये."

"सर, मला सांगायला हरकत नाही."

"असं कसं? 'कोणालाही' म्हणजे कोणालाही. तुम्हाला मी काय शिकवलं?"

"सर, सहा मिनिटं राहिली."

"नियम करणाऱ्यानं काही विचार करूनच केला असेल ना?"

शेवटी मोठ्या बाईंनी फोन घ्यायचा, शाळेच्या हितासाठी म्हणून विनंती करायची, सरांनी नाराजी नोंदवून आकडे सांगायचे. चार की नऊ यावर एकदा फेरवाचन. तोवर वेळ संपलेली असते. दुसरा ओटीपी मागवायचा, आणि तो येईपर्यंत सर चित्रकलेच्या सरांची, मामांची आणि पिंपळाच्या झाडाची चौकशी करतात. क्रमांक बदलून घ्यायची सोय पोर्टलवर आहे. जुन्या क्रमांकावर येणारा ओटीपी टाकला की नवा क्रमांक नोंदवता येतो. हे सरांना सांगून पाहिलं. "म्हणजे मग तुम्ही फोन करणार नाही," एवढंच म्हणाले. तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

यंत्रांच्या दुखण्यांवर केरळनं वेगळा मार्ग काढला. तिथे सरकारी शाळांत खुल्या, फुकट प्रणालीवर संगणक चालतात आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे गट शाळेतल्या यंत्रांची काळजी घेतात. त्यांना रीतसर प्रशिक्षण मिळतं, बिल्ला मिळतो. आमच्याकडे बिल्ल्याखेरीज सगळं आहे. सातवी ब मधली एक मुलगी प्रोजेक्टरची वायर कोणत्या भोकात जाते ते अंधारात सांगते. तिचे वडील केबलवाल्याकडे आहेत. उद्घाटनाच्या कार्यक्रमात पाहुण्यांचा व्हिडिओ आवाजाविना सुरू झाला, तेव्हा शिक्षकवृंद एकमेकांकडे बघत होता, ती दुसऱ्या रांगेतून उठली, एक बटण दाबलं, परत जाऊन बसली, आणि नंतर मला म्हणाली, "सर, तुम्ही घाबरता म्हणून ते होत नाही." निदान अचूक आहे. इलाज तिच्याकडेही नाही.

जनरल रजिस्टर मात्र कधी हँग झालेलं नाही. वसई-कल्याणहून कोणीतरी साठीचा माणूस येतो, वारसाच्या कागदपत्रांसाठी वडिलांचा जुना दाखला हवा असतो. भाऊसाहेब लोखंडी कपाट उघडतात, १९५०च्या दशकातलं जाड रजिस्टर काढतात, बोट फिरवतात, आणि बोरूच्या वळणाचं नाव समोर येतं. वडिलांचा धंदा : गिरणी. कारकुनाची सही. मी तेच नाव संगणकात शोधत असतो आणि संगणक मला विचारत असतो की अद्ययावतीकरण आता करायचं की नंतर. भाऊसाहेब माझ्याकडे बघत नाहीत. न बघण्याची त्यांची एक खास पद्धत आहे.

गेल्या वर्षी मोठ्या बाईंनी खोली मोकळी करायचं मनावर घेतलं. मेलेली यंत्रं काढून टाकायची. पण डेडस्टॉक रजिस्टरात एकदा चढलेली वस्तू अशी काढता येत नाही, तिचं निर्लेखन करावं लागतं. वस्तू कधी आली, किंमत काय, आजची अवस्था काय, समितीचं मत, ठराव, विहित नमुन्यात प्रस्ताव. पहिला मान गणेशोत्सव मंडळाला मिळाला, कारण ते सर्वांत जुनं. विंडोज एक्सपी. त्या प्रणालीचा कंपनीनं पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला काढला, मंडळानं त्यानंतरही कित्येक वर्षं काढली, आणि मग एका दुपारी त्याचा एसएमपीएस जळला.

भाऊसाहेबांनी अट घातली : प्रस्ताव मागच्या निर्लेखनाच्या नमुन्याप्रमाणेच हवा, तो एका फटक्यात मंजूर झाला होता. मागचा नमुना पेन ड्राइव्हवर सापडला. उघडला तर त्यात कंस, टक्के, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांची रांगोळी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या कचेऱ्या पुढची वीसेक वर्षं निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत टंकत राहिल्या, आणि ज्या फाँटात टंकलं तो फाँट नसेल तर मराठी ही मराठी राहत नाही. आमच्या जुन्या फाँटचं पॅकेज चालायला एक ठोकळा लागायचा. तो प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात खुपसला तरच पॅकेज उघडे. ठोकळा भाऊसाहेबांच्या खणात सुखरूप होता. रुंद पोर्ट असलेला संगणक शाळेत एकच.

"कोणता?" बाईंनी विचारलं.

"मंडळ," मी म्हणालो.

बाईंनी क्षणभर विचार केला. "मग आधी तो दुरुस्त करून घ्या."

नव्याने टंकून देतो म्हटलं, पण भाऊसाहेब नमुन्यावरून हलेनात. लॅमिंग्टन रोडवाला विद्यार्थी शर्ट खोचून आला. जुना एसएमपीएस शोधायला त्याला दोन गल्ल्या पालथ्या घालाव्या लागल्या होत्या. व्हाउचरवर कारण काय लिहायचं यावर बराच खल झाला. भाऊसाहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'निर्लेखनार्थ दुरुस्ती.' मंडळ चालू झालं. हिरवी टेकडी, निळं आभाळ, सगळं जिथल्या तिथे. प्रस्ताव टंकला, तीन प्रती काढल्या, समितीच्या सह्या घेतल्या आणि शेवटच्या सहीसाठी मोठ्या बाईंना खोलीतच बोलावलं. त्यांनी दारात चपला काढल्या, चष्मा लावला, प्रस्ताव वाचला, आणि मंडळाकडे पाहिलं.

"अहो सर, चांगला चालतोय की हा. मग निर्लेखन कशाला?"